स्वतःच्या फुफ्फुसांवर औषध शोधणारा डॉक्टर : मास्ट पेशी, ॲलर्जी आणि दमा

मेधा_कर्वेनगर

दसरा ते दिवाळी या दिवसांत पुण्यात शिंका आणि घरघर वाढते. गवतं तुऱ्यावर आलेली असतात, माळ्यावरची धूळ खाली उतरते, पहाटेची हवा जड होते आणि वर फटाक्यांची भर. याच दिवसांत 'पंप नको, सवय लागते' हे वाक्य टेकडीवर, सोसायटीत, रिक्षात कुठेही कानावर पडतं. मी बरीच वर्षं फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवलं. दम्याचं प्रकरण आलं की एका डॉक्टरपाशी दर वर्षी रेंगाळायचे. त्यांचं काम नीट समजलं की या वाक्यात काय चुकतंय ते कळतं, म्हणून हा धागा.

रॉजर आल्टूनियन हे त्यांचं नाव. पण आधी ज्या मास्ट पेशीपायी हे सगळं घडतं तिच्याबद्दल.

१८७८ साली पॉल एर्लिख या २४ वर्षांच्या विद्यार्थ्याने लाइपझिगला डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला. ॲनिलिनचे नवे रंग तेव्हा बाजारात येत होते. ते शरीरातल्या ऊतींवर टाकून कुठल्या पेशी काय रंग घेतात हे तो बघत होता. काही पेशी निराळ्या निघाल्या : टाकलेला रंग निळा, पण त्यांच्यातले कण जांभळे दिसायचे. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी सोललेल्या डाळिंबासारखी दाण्यांनी गच्च भरलेली दिसते. त्या दाण्यांत काय आहे हे कळायला मात्र पुढची ७५ वर्षं गेली. १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट या दोघांनी दाखवलं की शरीरातलं हिस्टामिन, म्हणजे खाज आणि सूज आणणारं रसायन, मुख्यतः तिथेच साठवलेलं असतं.

या पेशी राहतात कुठे? त्वचा, नाकाचं अस्तर, श्वासनलिका, आतडं. म्हणजे बाहेरचं जग जिथे जिथे शरीराला भिडतं तिथे. त्यांच्या पृष्ठभागावर आयजीई नावाची प्रतिपिंडं चिकटलेली असतात. (हे आयजीई सापडलं १९६६-६७ मध्ये. अमेरिकेत इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच, दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी.) एखाद्याच्या शरीराने परागकणांविरुद्ध किंवा धुळीतल्या किड्याविरुद्ध आयजीई बनवून ठेवलेलं असेल, तर तो कण येऊन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना जोडतो आणि पेशी काही मिनिटांत आपले दाणे बाहेर टाकते. हिस्टामिन तयारच असतं, ते लगेच निघतं. पाठोपाठ पेशी आपल्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांपासून ल्युकोट्राइन नावाची रसायनं बनवते. आणि मग काही तासांत इतर पेशींना बोलावणारे संदेश जातात. हा तिसरा टप्पा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आल्टूनियन. जन्म १९२२, सीरियातलं आलेप्पो. वडील आर्मेनियन-आयरिश वंशाचे, डॉक्टर. आई इंग्लिश. घराण्याचं आलेप्पोत रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धात रॉजर वैमानिक होते, वैमानिकांना शिकवायचेही. नंतर वैद्यकीचं शिक्षण, मग आलेप्पोला कुटुंबाच्या रुग्णालयात काम. १९५० च्या दशकात ते सोडून इंग्लंडला यावं लागलं आणि ते एका औषध कंपनीत रुजू झाले. त्यांना स्वतःला दमा होता.

कंपनीत खेलीन या द्रव्यावर काम चाललं होतं. ओवा, बडीशेप, कोथिंबीर यांच्याच कुळातल्या, भूमध्य सागराकाठी उगवणाऱ्या एका वनस्पतीत ते सापडतं. इजिप्तमध्ये तिचं बी मुतखड्याच्या कळांवर पूर्वापार देत. खेलीन स्नायू सैल करतं, मग श्वासनलिकेचेही करेल, असा विचार. रसायनतज्ज्ञ त्याची नवनवी रूपं बनवायचे आणि ती गिनी पिगवर तपासली जायची. तिथे जे चालेल ते पुढे न्यायचं, ही रीत.

आल्टूनियन यांना हे पटेना. गिनी पिगला माणसासारखा दमा नसतो, त्याच्यावर निष्प्रभ ठरलेलं औषध माणसावर चालू शकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना स्वतःला गिनी पिगच्या केसांची ॲलर्जी होती. मग त्यांनी त्या केसांचा अर्क काढला, नवं रसायन आधी स्वतः हुंगलं, नंतर तो अर्क फवाऱ्यातून श्वासात घेतला आणि श्वास किती कोंडतो ते यंत्रावर मोजलं. पुढच्या आठवड्यात दुसरं रसायन. कंपनीचं नेमून दिलेलं काम सांभाळून हे वर्षानुवर्षं चाललं. शेकडो वेळा त्यांनी स्वतःला दम्याचा झटका आणवला. १९६५ साली एका रसायनाने तो झटका येऊच दिला नाही. ते सोडियम क्रोमोग्लायकेट. प्राण्यांवरच्या नेहमीच्या चाचण्यांत याच रसायनाने काही विशेष दाखवलं नसतं.

या औषधाची रीत आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळी निघाली. आलेला झटका ते थांबवत नाही, आवळलेली नळी सैल करत नाही. ॲलर्जीचा कण येण्याआधी घेतलं, तरच उपयोग. ते मास्ट पेशीला दाणे टाकू देत नाही. (ते नेमकं कसं, यावर अजून वाद आहेत.) पोटातून जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून ते भुकटीच्या रूपात थेट श्वासात द्यावं लागतं. त्यासाठी आल्टूनियन यांनी वैमानिकाचं डोकं चालवलं : कॅप्सूल एका छोट्या पंख्यावर बसवायची, रुग्णाने श्वास ओढला की पंखा फिरतो आणि भुकटी उडते. रुग्णाचा श्वास हीच यंत्राची ताकद.

गिनी पिगने का फसवलं असतं, हे मुलांना सांगताना मला फार आनंद व्हायचा. त्याच्या श्वासनलिका आवळतात त्या मुख्यतः हिस्टामिनमुळे. माणसात मोठा वाटा ल्युकोट्राइनचा. माणसाच्या श्वासनलिकेवर ल्युकोट्राइन हिस्टामिनच्या सुमारे हजारपट प्रबळ ठरतं. सेटिरिझिन फक्त हिस्टामिनला अडवतं. त्याने शिंका थांबतात, नाकाची खाज जाते, पण दमा हटत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. मेडिकलमधून सेटिरिझिनच्या पट्ट्या आणून दम्यावर घेत राहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं ही विनंती.

आता तो तिसरा टप्पा. ॲलर्जीचा कण श्वासात गेला की पहिली धाप १०-१५ मिनिटांत लागते आणि तासा-दोन तासांत ओसरते. माणसाला वाटतं, सुटलो. पण चार ते आठ तासांनी दुसरी लाट येऊ शकते. आता नळीच्या अस्तरात सूज असते, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी जमलेल्या असतात. सालब्युटामॉलचा निळा पंप पहिली लाट मोडतो, दुसरीला हात लावत नाही. क्रोमोग्लायकेट आधी घेतलं तर दोन्ही अडवायचं. श्वास मोकळा वाटला म्हणजे आत सगळं शांत झालं असं नाही, ही गोष्ट डॉक्टरांना यातून स्पष्ट दिसली. रोजचं औषध आणि झटक्याचं औषध ही दोन वेगळी कामं आहेत, या विचाराला इथूनच बळ मिळालं.

क्रोमोग्लायकेट आता दम्यात मागे पडलंय. दिवसातून चार वेळा घ्यावं लागायचं, आणि १९७२ नंतर श्वासातून घ्यायची स्टेरॉइड्स आली, ती जास्त प्रभावी ठरली. डोळ्यांच्या ॲलर्जीचे थेंब म्हणून मात्र ते अजून दुकानात मिळतं. आल्टूनियन १९८७ साली गेले. ज्या माणसाने स्वतःचा श्वास कोंडून घेऊन आपल्याला ही समज दिली, त्याचं नाव दमेकऱ्यांना माहीत असावं, एवढंच मला मनापासून वाटतं.

---

कसबापेठ_जुना

मेधाताई, फार मोलाचं लिहिलंत. दोन गोष्टी विचारतो. अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आमसुलाचं पाणी लावतात, आजी लावायची, आम्हीही लावतो. ते याच पेशीचं काम का? आणि काँग्रेस गवताचं काय? माझ्या थोरल्या भावाला शेतावर गेलं की चेहरा, मान, हात सगळं लाल होऊन चामडीसारखं जाड होतं. तीही ॲलर्जीच म्हणतात.

---

पुलस्त्य

उत्तम लेख. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

मेधा_कर्वेनगर

@कसबापेठ_जुना काका, पित्त उठणं हे थेट मास्ट पेशीचंच काम. त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, गांधी उठते आणि खाज सुटते. आमसुलाच्या गार पाण्याने त्वचेला थंडावा मिळतो, खाज कमी वाटते. लावायला हरकत काहीच नाही. पण ओठ, जीभ सुजली, आवाज बसला किंवा चक्कर आली, तर आमसूल भिजवत बसू नका, रुग्णालय गाठा.

भावाचं प्रकरण निराळं आहे. गाजरगवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५० च्या दशकात. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य त्वचेला लागून जो त्रास होतो तो बहुतांशी टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या संरक्षक पेशींमुळे, मास्ट पेशींमुळे नव्हे. म्हणून तो मिनिटांत उठत नाही, दोन-तीन दिवसांत उमटतो आणि मग रेंगाळतो. तपासणीही वेगळी. मास्ट पेशींची ॲलर्जी बघायला त्वचेला टोचून १५-२० मिनिटांत वाचतात, या प्रकारात पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी. भावाला सेटिरिझिनने फारसा फरक पडत नसेल, तर त्याचं कारण हे. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घालू द्या. त्याच गवताच्या परागांनी काहींना शिंका, नाक गळणंही होतं, ते मात्र मास्ट पेशींचं.

---

छातीचा_डॉक्टर

मी पुण्यात छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करतो. धाग्यात पुण्याशी थेट जोडलेलं एक संशोधन यायला हवं, म्हणून भर घालतो.

पुण्यातले श्वसनविकार संशोधक डॉ. संदीप साळवी हे नाव पुणेकरांना परिचित असेल. त्यांनी इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला दम्याचे संशोधक स्टीफन होलगेट यांच्याकडे संशोधन केलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातले प्रयोग स्वीडनमधल्या उमिओ इथे झाले. १५ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या स्वयंसेवकांना एक तास डिझेलच्या विरळ केलेल्या धुरात ठेवलं, आणि वेगळ्या दिवशी एक तास स्वच्छ हवेत. सहा तासांनी दुर्बीण घालून श्वासनलिकेचे तुकडे काढून तपासले. फुंकून करायच्या नेहमीच्या चाचण्यांत काहीही फरक नव्हता! पण अस्तरात न्यूट्रोफिल (सुजेत धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, टी-पेशी वाढलेल्या, आणि मास्ट पेशीही वाढलेल्या. नळी धुऊन काढलेल्या पाण्यात हिस्टामिन जास्त.

ही निरोगी, धडधाकट माणसं होती. स्वारगेट किंवा कात्रज चौकात सिग्नलला रोज उभ्या राहणाऱ्या दुचाकीवाल्याचा विचार करा. 'माझी फुंकायची टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे धुराने काही होत नाही' असं माझे रुग्ण म्हणतात, तेव्हा मी त्यांना हा अभ्यास सांगतो.

दुसरं, २००२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटाने दाखवलेली गोष्ट. दम्यात मास्ट पेशी अस्तर सोडून श्वासनलिकेच्या स्नायूत शिरून बसतात. नुसता इओसिनोफिलचा खोकला असलेल्या रुग्णांत सूज तशीच, पण स्नायूत मास्ट पेशी शिरलेल्या नसतात आणि त्यांच्या नळ्या आवळतही नाहीत. माझ्या मते दम्याच्या संशोधनातला हा सर्वांत सुंदर निष्कर्ष आहे. गार हवा, हसणं, जिना चढणं अशा क्षुल्लक कारणाने दमेकऱ्याची नळी का आवळते, याचं उत्तर त्यात बरंचसं मिळतं.

---

दोन_मुलांची_आई

ताई, डॉक्टरसाहेब, मी आठवडाभर हा धागा वाचतेय. माझा धाकटा सात वर्षांचा आहे. डॉक्टरांनी रोज दोन वेळा बुडेसोनाइडचा पंप स्पेसर लावून सांगितलाय. घरी सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला स्टेरॉइड कशाला, उंची खुंटेल. त्यांना नातवाची काळजी आहे, वाद घालावासा वाटत नाही. पण मला रात्री त्याची छाती ऐकवत नाही. उंचीबद्दल खरं काय ते सांगा. आणि त्याऐवजी रोज माँटेलुकास्टची चघळायची गोळी चालेल का?

---

छातीचा_डॉक्टर

ताई, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. सासूबाईंची शंकाही निराधार नाही, म्हणून आकड्यानेच उत्तर देतो. अमेरिकेत ५ ते १३ वर्षांच्या मुलांना चार वर्षांहून जास्त काळ रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड दिलं आणि ती मोठी होईपर्यंत त्यांची उंची मोजली. २०१२ साली निष्कर्ष आले. औषध न घेतलेल्या गटापेक्षा मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. फरक आहे, आणि तो एवढाच आहे. दम्याने रात्र रात्र न झोपणारं, खेळायला न जाणारं मूल काय काय गमावतं ते तुम्ही स्वतः बघताय. हे दोन्ही सासूबाईंसमोर ठेवा. पुढच्या भेटीला त्यांनाही सोबत न्या. आजी समोर बसल्या की मीही जास्त वेळ देतो, कारण घरात औषध नियमित जाईल की नाही ते बरेचदा त्यांच्यावर ठरतं.

पंपाने दमा ताब्यात आला की डॉक्टर मात्रा कमी करत आणतात. आपल्या मनाने बंद करू नका. औषध घेतल्यावर चूळ भरायला लावा.

माँटेलुकास्ट ल्युकोट्राइनची वाट अडवतं, काही मुलांना चांगलं लागू पडतं. पण सूज आटोक्यात ठेवायला पंपाएवढं प्रभावी नाही. शिवाय २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला : झोपेत दचकणं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. मूल गोळी घेत असेल आणि स्वभाव बदललेला दिसला, तर डॉक्टरांना लगेच सांगा. आपल्याकडे ही गोळी सर्दीवरही सर्रास दिली जाते, त्याचं मला वाईट वाटतं.

---

दोन_मुलांची_आई

खूप आभार. १.२ सेंटीमीटर हे सासूबाईंना पट्टीवर दाखवलं. पुढच्या भेटीला त्या येतायत.

---

अश्विनी_वैद्य

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे. तमक श्वासाचं वर्णन आपल्या ग्रंथांत बारकाईने आहे : आडवं झाल्यावर धाप वाढणं, बसल्यावर बरं वाटणं. ते वाचताना रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहतो. खेलीनवरून अडुळसा आठवला. त्यातल्या व्हॅसिसिनवर काम करून ब्रोमहेक्सिन तयार झालं, आज कफाच्या कितीतरी औषधांत ते असतं. पण मी स्वतः दम्याच्या रुग्णाचा पंप कधीही बंद करायला सांगत नाही. अडुळसा कफ सुटायला मदत करतो, मास्ट पेशीला थोपवत नाही. आमच्यातल्या काहींनी हे स्पष्ट सांगायला हवं.

---

सह्यवेडा

मेधाताई, लेखाबद्दल आभार. आम्ही किल्ल्यांवर ग्रुप नेतो. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, कोणी अत्तर लावून आलं किंवा धूर झाला की माश्या उठतात. माशी चावून माणूस दगावतो तेव्हा ह्याच पेशी कारणीभूत असतात का? आणि सोबत काय ठेवावं?

---

छातीचा_डॉक्टर

@सह्यवेडा दोन वेगळे प्रकार आहेत. शेकडो माश्या चावल्या तर विषाची मात्राच घातक ठरते, ॲलर्जी असो-नसो. पण एकाच माशीने माणूस काही मिनिटांत कोसळला, तर ती ॲनाफिलॅक्सिस : अंगभरच्या मास्ट पेशी एकदम दाणे टाकतात, रक्तदाब पडतो, घसा सुजतो. यावर पहिलं औषध ॲड्रिनलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. एव्हिल, सेटिरिझिन ही नंतरची औषधं, त्यांनी जीव वाचत नाही. ज्याला आधी असा झटका आलाय, त्याने डॉक्टरांकडून ॲड्रिनलिन लिहून घ्यावं, टोचायला शिकून घ्यावं, आणि ट्रेकला येताना ग्रुपच्या म्होरक्याला सांगावं. कोसळलेल्याला आडवं ठेवा, पाय वर. उठवून चालवत गड उतरवू नका, त्यात रक्तदाब आणखी पडतो. धाप लागली असेल तर मात्र टेकून बसू द्या.

---

मेधा_कर्वेनगर

@सह्यवेडा डॉक्टरांनी सांगितलं ते पाठच करा. मी या पेशीची दुसरी बाजू सांगते, नाहीतर ती नुसतीच खलनायक वाटेल. २००६ साली स्टॅनफर्डच्या गॅली यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की मास्ट पेशींतलं एक विकर सापाच्या आणि मधमाशीच्या विषातले घटक तोडतं. ज्या उंदरांत मास्ट पेशीच नव्हत्या, ते त्याच मात्रेत जास्त दगावले. म्हणजे विषाशी सामना करायला ही पेशी बहुधा फार जुन्या काळापासून शरीरात आहे. परागकणावर तुटून पडते तेव्हा आपल्याला ती नकोशी होते, पण तिला नुसती काढून टाकावी अशी ती नाही.

---

नीरज_बाणेर

एक विचारू? आल्टूनियन यांनी केलं तसं आज कोणाला करता येईल का? आणि करू द्यावं का?

---

मेधा_कर्वेनगर

@नीरज_बाणेर आज नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. दमेकऱ्याला ॲलर्जीचा कण हुंगायला देऊन औषध तपासण्याची पद्धत आजही वापरतात, पण मोजक्या मात्रेत, बाजूला डॉक्टर आणि औषधं तयार ठेवून. ॲलर्जीच्या क्षेत्रात स्वतःच्या अंगावर प्रयोग बरेच झाले. १९२१ मधला क्युस्टनर आणि प्राउस्निट्झ या दोन डॉक्टरांचा प्रयोग घ्या. क्युस्टनर यांना मासे खाण्याची ॲलर्जी होती. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला आणि गांधी उठली. ॲलर्जी रक्तातून जाऊ शकते हे त्यातून कळलं. माणसाचा आजार माणसातच दिसतो, ही अडचण तेव्हाही होती. मला आल्टूनियन यांच्या धाडसापेक्षा चिकाटी जास्त मोठी वाटते. निष्फळ रसायनांचा एवढा मोठा ढीग पडल्यावरही ते पुढचं रसायन हुंगत राहिले.

---

सदाशिव_वाचक

आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत कबुतरांचा सुळसुळाट आहे. शेजारच्या आजोबांना वर्षभर कोरडा खोकला आहे, जिना चढताना दम लागतो. ॲलर्जी समजून सेटिरिझिन चालू आहे. हाही याच पेशींचा प्रकार का?

---

छातीचा_डॉक्टर

@सदाशिव_वाचक बहुधा नाही, आणि म्हणूनच घाई करा. कबुतरांच्या विष्ठेतल्या, पिसांतल्या प्रथिनांनी फुफ्फुसाच्या खोल भागात सूज येते. तो मास्ट पेशी आणि आयजीईचा खेळ नाही, सेटिरिझिनने काहीही होणार नाही. रोज संपर्क चालू राहिला तर फुफ्फुसं कायमची कडक होऊ शकतात आणि ते नुकसान भरून येत नाही. आजोबांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, कबुतरांचा उल्लेख स्वतःहून करा, कारण दर वेळी तो विचारला जाईलच असं नाही. एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, करायला सांगतील. तोवर त्यांना बाल्कनी झाडू देऊ नका. दुसऱ्या कोणी झाडायची तर आधी पाणी मारून, चांगला मास्क लावून. आणि शक्य असेल तर आजच जाळी बसवणाऱ्याला फोन करा.

---

सदाशिव_वाचक

त्यांच्या मुलाला आत्ताच वाचून दाखवलं. सोमवारची वेळ घेतोय.

---